सेवा केंद्रातल्या संगणकावर रोज सुरक्षेचा इशारा येतो. कोणता ब्राउझर वापरावा?

केंद्रवाली (केज)

नमस्कार मंडळी. केज तालुक्यात एका गावात माझं सेवा केंद्र आहे. सात-बारा, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि सध्या पीक विमा. सकाळी सातपासून माणसं पासबुक अन् आधारची झेरॉक्स घेऊन ओट्यावर बसलेली असतात, आणि नेमका आत्ताच संगणक त्रास द्यायलाय.

रात्री लाइट जाऊन आली की सकाळी काहीच उघडंना. गूगलसुद्धा नाही. पानभर इशारा येतो, पुढं जायचं बटणही नसतं. थोड्या वेळानं भाचा येऊन काहीतरी करतो, मग चालतं.

दुसरं म्हणजे, बाकी सगळं चालू असताना दाखल्याच्या एकाच साइटवर 'तुमचे कनेक्शन खाजगी नाही' असं येतं. भाच्यानं शिकवलंय की 'प्रगत' दाबायचं, मग खाली 'पुढे जा'. आता इतकी सवय झालीय की वाचायच्या आत बोट दाबून मोकळं होतं. मला याचीच भीती वाटायलीय.

आणि परवा तर एक फॉर्मचा नमुना शोधताना सगळी स्क्रीन निळी झाली, भोंगा वाजायला लागला, 'संगणक लॉक झाला आहे, या नंबरवर फोन करा'. मी सरळ प्लग काढला.

दिवसाला तीस-चाळीस जणांचं आधार, खाते नंबर, ओटीपी माझ्या हातून जातं. ही माणसं माझ्या भरवशावर अंगठा ठेवतात. यंत्र जुनं आहे, विंडोज ७ आणि क्रोम. कोणता ब्राउझर टाकू म्हणजे हे थांबेल?

हार्डवेअरवाला (लातूर)

ताई, ब्राउझर बदलायच्या आधी एक सांगा. सकाळी ते पान येतं तेव्हा उजव्या कोपऱ्यातलं घड्याळ बघितलंय का? तारीख काय असते?

केंद्रवाली (केज)

दादा, आत्ता मुद्दाम बंद करून, प्लग काढून, अर्ध्या तासानं चालू केला. १ जानेवारी २००९ दाखवायलंय! आणि इशाऱ्याच्या पानावरच लिहिलंय की घड्याळ मागे आहे. एवढे दिवस मी ते वाचलंच नव्हतं.

हार्डवेअरवाला (लातूर)

मग तुमच्या पहिल्या तक्रारीचा ब्राउझरशी काही संबंध नाही. संगणकाच्या आतल्या मुख्य पाटीवर (मदरबोर्डवर) रुपयाच्या नाण्याएवढा एक चपटा सेल असतो, त्यावर सीआर २०३२ असं कोरलेलं असतं. लाइट नसताना घड्याळ त्याच्यावर चालतं. सेल संपला की यंत्र आपल्या पहिल्या तारखेला जाऊन बसतं. साइट खरी तिचीच आहे हे ब्राउझरला सांगणारं प्रत्येक साइटचं एक डिजिटल प्रमाणपत्र असतं, त्यावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध' असं असतं. तुमच्या यंत्राला वाटतं आज २००९ आहे, म्हणजे त्याच्या लेखी जगातली सगळी प्रमाणपत्रं अजून जन्मलेलीच नाहीत. म्हणून गूगलही बंद.

आपल्याकडे भारनियमन आणि वादळात लाइट जाणं इतकं आहे की माझ्याकडे महिन्याला असे पाच-सहा संगणक येतात. लोक फॉरमॅट मारून घेतात, पैसे देतात, आणि आठ दिवसांनी पुन्हा तेच.

घरीच बदला. प्लग काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा म्हणजे उरलेली वीज निघून जाईल. बाजूचं झाकण उघडा. आत हात घालण्याआधी संगणकाच्या लोखंडी सांगाड्याला बोट लावा. सेलच्या कडेला एक छोटी पत्र्याची पट्टी असते, ती नखानं बाहेरच्या बाजूला ढकलली की सेल उडून वर येतो. नवा बसवताना अधिकची खूण वर. घड्याळवाल्याकडे मिळतो, पन्नास रुपयांच्या आत. मग तारीख-वेळ लावा आणि 'वेळ आपोआप सेट करा' चालू ठेवा.

मास्तर (परभणी)

लातूरच्या दादांनी मुळावर बोट ठेवलं. मी शाळेत संगणक शिकवतो, म्हणून दुसऱ्या तक्रारीवर जरा सविस्तर लिहितो, कारण ताई, तिन्हींत खरी काळजी करण्यासारखी तीच आहे.

क्रोमच्या इशाऱ्याच्या पानावर खाली बारीक इंग्रजी अक्षरांत एक सांकेतिक ओळ असते. तिच्यातला एक शब्द वाचायला शिका. 'डेट' असेल तर एक तर तुमचं घड्याळ चुकलंय, नाहीतर साइटवाल्यांनी प्रमाणपत्राचं नूतनीकरण केलेलं नाही. 'कॉमन नेम' असेल तर प्रमाणपत्र भलत्याच नावाचं आहे. दारावर पाटी एकाची आणि आत माणूस दुसरा, असं समजा. 'ऑथॉरिटी' असेल तर प्रमाणपत्र कुणी दिलं त्याला ब्राउझर ओळखत नाही. या शेवटच्या प्रकारात साइटवाल्यांचा आळस असू शकतो, तुमचं जुनं विंडोज असू शकतं, किंवा मधे बसून कुणीतरी वाचत असू शकतं. बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात, आणि म्हणून 'पुढे जा' दाबायचं नाही.

जुन्या यंत्रांवर हे का वाढलं त्याचं एक उदाहरण. लेट्स एन्क्रिप्ट नावाची संस्था फुकट प्रमाणपत्रं देते, असंख्य साइट तिच्यावर आहेत. ती ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्रावर (ज्याच्या भरवशावर बाकीची खरी मानली जातात) टेकली होती त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२१ ला संपली. ज्या यंत्रांत नवं मूळ प्रमाणपत्र पोचलं नव्हतं, तिथं चांगल्या साइटही रातोरात 'अविश्वासू' ठरल्या.

'सरकारी साइटच आहे, मग काय होतंय' असं कुणी म्हणालं तर त्याला जुलै २०१४ ची गोष्ट सांगा. तेव्हा आपल्याच राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणपत्र यंत्रणेतून गूगलच्या नावाची अनधिकृत प्रमाणपत्रं निघाली होती. ती पकडली गेली आणि रद्द झाली. मायक्रोसॉफ्टच्या यादीत भारताचं मूळ प्रमाणपत्र होतं म्हणून धोका विंडोजवाल्यांना होता. फायरफॉक्सची विश्वासाची यादी स्वतःची, तीत ते नव्हतं, त्यामुळे तो वाचला. तेव्हा सरकारी नाव दिसलं म्हणून इशारा खोटा, असं धरून चालायचं नाही.

दाखल्याच्या साइटवर आता कोणता शब्द येतो ते लिहा.

व्यापारी (जालना)

माझं मत थोडं वेगळं आहे. एवढं वाचायला गर्दीत वेळ कुणाला आहे? ब्रेव्ह नावाचा ब्राउझर टाका, जाहिराती आपोआप बंद, निळा भोंगाही येणार नाही. मी दुकानात दोन वर्षं तोच वापरतोय, समाधानी आहे.

मास्तर (परभणी)

ब्रेव्ह चांगलाच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण प्रमाणपत्र चुकलेलं असलं तर ब्रेव्हही इशारा देणार, आणि द्यायलाच पाहिजे. इशारा न देणारा ब्राउझर मिळाला तर तो त्याच दिवशी काढून टाका.

घरून काम करणारी (नांदेड)

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, नांदेडहूनच काम करते. ताई, तुमच्या प्रश्नातला सगळ्यात गंभीर शब्द 'विंडोज ७' आहे आणि त्यावर अजून कुणी बोललं नाही. मायक्रोसॉफ्टनं त्याच्या दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० ला थांबवल्या. क्रोमची विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती १०९, जानेवारी २०२३ ची. तुमचा क्रोम तिथंच थांबलेला असणार. त्यानंतर सापडलेली एकही फट तुमच्याकडे बुजवलेली नाही. ब्रेव्ह आणि मायक्रोसॉफ्टचा एज ब्राउझरही क्रोमच्याच गाभ्यावर उभे आहेत, तेही विंडोज ७ वर पुढे सरकत नाहीत. फायरफॉक्सनं ११५ ही आवृत्ती जुन्या विंडोजसाठी मुदत वाढवत वाढवत चालवली, तेवढाच तात्पुरता आसरा. म्हणून आज संध्याकाळी फायरफॉक्स टाका, पण विम्याची गर्दी ओसरली की यंत्राचं बघा.

नवं घेताना विंडोज ११ चालणारंच घ्या. विंडोज १० ची नेहमीची मुदतही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलीय, दुकानदार स्वस्तात गळ्यात मारतील. विंडोज ११ ला टीपीएम २.० (यंत्रातली सुरक्षेची सोय) लागतं आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. जुन्या वस्तूंच्या बाजारात घेणार असाल तर हे दोन प्रश्न विचारूनच पैसे द्या. विंडोजच्या जागी टाकता येणारं लिनक्स फुकट आणि चांगलं आहे, पण तुमचं अंगठ्याचं यंत्र त्यावर चालतं का ते आधी तपासा, नाहीतर केंद्र बंद पडेल.

आता निळ्या भोंग्याबद्दल. तो इशारा ब्राउझरचा नव्हताच. ती एक साधी वेबसाइट असते, स्क्रीनभर पसरलेली. ब्राउझर कधीही फोन नंबर देत नाही, ही खूण पक्की धरा. एस्केपचं बटण दाबून धरायचं, स्क्रीन लहान झाली की टॅब बंद करायचा. नाहीच झालं तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करायचा. पुन्हा उघडताना 'आधीची पानं उघडू का' विचारलं तर नाही म्हणायचं. माझ्या आत्याच्या घरी काकांनी त्या नंबरवर फोन केला होता. पलीकडच्यानं गोड बोलून स्क्रीन दुसरीकडून चालवायचं ॲप टाकायला लावलं, आणि 'तपासणी' चालू असताना खात्यातून अठ्ठेचाळीस हजार गेले. त्यांनी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन केला तो दुसऱ्या दिवशी दुपारी. हा नंबर तुमच्या केंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा ताई. पहिला तास महत्त्वाचा असतो, पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत अडवता येतात.

असली पानं बहुतेक जाहिरातींतून येतात. म्हणून फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) टाका. क्रोमनं एक्स्टेन्शनचे नियम बदलल्यापासून त्याचं पूर्ण रूप तिथं चालत नाही, फायरफॉक्सवर चालतं. मात्र हे एकच. बाकीची पीडीएफ जोडणारी, फोटो लहान करणारी जी एक्स्टेन्शन पोरं टाकून जातात, ती काढा. टाकताना 'सर्व वेबसाइटवरील तुमचा डेटा वाचणे' अशी परवानगी मागतात. तुमच्या बाबतीत 'तुमचा डेटा' म्हणजे अख्ख्या गावाचं आधार.

व्यापारी (जालना)

हे मला माहीत नव्हतं. माझ्याकडे अशी चार आहेत, आत्ताच काढतो. एक विचारू? मोबाइलवर आधी यूसी ब्राउझर होता, तो जून २०२० मध्ये सरकारनं बाकीच्या चिनी ॲपसोबत बंद केला. आता देशी घ्यायचा असेल तर?

घरून काम करणारी (नांदेड)

झोहो या भारतीय कंपनीचा 'उला' आहे. भारतीय ब्राउझर बनवण्याच्या सरकारी स्पर्धेत मार्च २०२५ मध्ये तो पहिला आला. गाभा क्रोमचाच, पण माग काढणाऱ्या गोष्टी अडवण्यावर भर आहे. मी मोबाइलवर फायरफॉक्स वापरते, कारण अँड्रॉइडवरही त्यात यूब्लॉक चालतं. दोन्हींपैकी कोणताही घ्या, प्ले स्टोअरवरूनच घ्या. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके (ॲप टाकायची) फाइल घेऊ नका, मग ती 'पीएम किसान'च्या नावानं आलेली असली तरी. विशेषतः त्या नावानं आली तर.

मास्तर (परभणी)

आणखी एक. इशारा आला नाही म्हणजे साइट खरी, असंही नाही. चोरालाही प्रमाणपत्र फुकट मिळतं. क्रोमनं २०२३ मध्ये पत्त्याजवळचं कुलपाचं चिन्ह काढून टाकलं त्याचं कारणच हे, लोक कुलूप बघून निर्धास्त होत होते. पत्ता शेवटाकडून वाचायचा. विम्याचा पत्ता पीएमएफबीवाय डॉट गव्ह डॉट इन इथं संपतो, त्याच्यापुढे तिरप्या रेघेआधी आणखी काही जोडलेलं असेल तर साइट दुसऱ्याची. बँकांना रिझर्व्ह बँकेनं 'डॉट बँक डॉट इन' वर यायला सांगितलं, मुदत ३१ ऑक्टोबर २०२५ होती. हे पत्ते एकदा नीट टाइप करून बुकमार्क करा आणि तिथूनच उघडा. शोधून उघडायचं नाही, कारण शोधात सगळ्यात वर जाहिरात असते.

केंद्रवाली (केज)

सगळ्यांचे मनापासून आभार. सेल बदलला. पट्टी नखानं निघेना, भाच्यानं चिमट्यानं दाबली. रात्री अडीच तास लाइट नव्हती, सकाळी तारीख बरोबर होती.

फायरफॉक्स टाकला, यूब्लॉक टाकलं, सहा एक्स्टेन्शन काढली. नांदेडच्या ताईंचं वाचून डाउनलोडचं फोल्डरही उघडलं. चार वर्षांचं साचलेलं. लोकांची आधार कार्डं, पासबुकं, एका मयत माणसाच्या वारसांची सगळी कागदं. मी रात्री बसून पुसली, कचरापेटीसुद्धा रिकामी केली. आता रोज शटर ओढायच्या आधी हे करायलीय. पासवर्ड जतन करायचा पर्यायही बंद केला.

सर, दाखल्याच्या साइटवर घड्याळ बरोबर असूनही क्रोममध्ये 'डेट' येतंय. प्रमाणपत्रावर क्लिक करून बघितलं, मुदत नऊ दिवसांपूर्वी संपलीय. भाच्याच्या मोबाइलवरही तेच. तालुक्याला फोन केला, ते म्हणाले वर कळवतो. तोवर त्या दाखल्याचे अर्ज मी घेऊन ठेवतेय, भरत नाही. दोघं-तिघं चिडून दुसऱ्या केंद्रावर गेले.

मास्तर (परभणी)

जाऊ द्या ताई, येतील परत. तक्रार लेखी करा, सोबत इशाऱ्याच्या पानाचा फोटो जोडा, त्यात खालची ओळ आणि तारीख दोन्ही दिसू द्या. नूतनीकरण झालं की इथं कळवा, आमच्याकडेही दोन केंद्रं त्याच साइटसाठी अडलीत.