मदत हवी आहे : महाराष्ट्रातील न्यायाधीन बंद्यांची संख्या २०१९ नंतर का वाढली, हे कसे तपासावे?

नमस्कार.

समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी मी महाराष्ट्रातील कारागृहांच्या बंदीसंख्येवर लघुप्रबंध लिहीत आहे. आकडे जमवून झाले आहेत, परंतु त्यांचा अर्थ लावताना मी एका ठिकाणी अडले आहे. फौजदारी न्यायालयांत काम करणाऱ्या, संख्याशास्त्र जाणणाऱ्या किंवा कारागृहांत प्रत्यक्ष काम केलेल्या सदस्यांनी मार्गदर्शन करावे, अशी विनंती आहे. मजकूर लांबला आहे, पण अडचण नेमकी कोठे आहे हे कळण्यासाठी आकडे मांडणे भाग आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरो दरवर्षी ३१ डिसेंबर या एका दिवसाची कारागृहांची स्थिती प्रसिद्ध करतो. त्यानुसार २०१९च्या अखेरीस महाराष्ट्रातील कारागृहांची अधिकृत क्षमता २४,०९५ होती आणि आत ३६,७९८ बंदी होते. २०२१च्या अखेरीस क्षमता २४,७२२ होती आणि बंदी ३६,८५३. केवळ एकूण संख्या पाहिली, तर या दोन वर्षांत काहीच बदलले नाही असे वाटेल. आतली विभागणी पाहिली की चित्र पालटते. ज्यांना आपण बोलताना कच्चे कैदी म्हणतो, ते न्यायाधीन, म्हणजे खटल्याचा निकाल अद्याप न लागलेले बंदी २०१९मध्ये २७,५५७ होते आणि २०२१मध्ये ३१,७५२ झाले. त्यांचे प्रमाण शंभरात ७५ होते, ते ८६वर गेले. जवळजवळ तेवढ्याच संख्येने सिद्धदोष, म्हणजे शिक्षा झालेले बंदी कमी झाले होते, म्हणून बेरीज तीच राहिली.

सिद्धदोष बंदी का कमी झाले, याचे उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे. २३ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने साथीच्या पार्श्वभूमीवर प्रत्येक राज्याला उच्चाधिकार समिती नेमण्याचा आदेश दिला. महाराष्ट्रात न्यायमूर्ती अ. अ. सय्यद यांच्या अध्यक्षतेखाली अशी समिती काम करू लागली आणि मे २०२०मध्ये राज्य शासनाने संचित व अभिवचन रजेच्या (फर्लो व पॅरोलच्या) १९५९च्या नियमांत दुरुस्ती करून आपत्कालीन अभिवचन रजेची तरतूद केली. त्या रजेवर बाहेर गेलेले बंदी ३१ डिसेंबरच्या मोजणीत आत दिसत नाहीत. साथ ओसरल्यावर २०२२मध्ये त्यांना परत बोलावण्यात आले आणि त्या वर्षअखेरीस एकूण बंदीसंख्या सुमारे ४१,०००वर, म्हणजे क्षमतेच्या १६१ टक्क्यांवर पोहोचली. मात्र २०२१च्या तुलनेत वाढलेल्या सुमारे ४,२०० जणांपैकी न्यायाधीन बंदी केवळ १,१३१ होते. म्हणजे २०२२ची मोठी उडी ही बहुतांशी परतलेल्या सिद्धदोष बंद्यांची उडी असली पाहिजे. ‘राज्यात गुन्हे वाढले म्हणून तुरुंग भरले’ असे निदान त्या एका वर्षाच्या आकड्यावरून करणे मला म्हणूनच चुकीचे वाटते.

यापुढे माझी अडचण सुरू होते. सिद्धदोष बंदी परत आले, त्यामुळे त्यांची संख्या पूर्वपदाच्या दिशेने सरकली. न्यायाधीन बंद्यांची संख्या मात्र २७,५५७वर परत आली नाही. ती २०२२मध्ये ३२,८८३ होती. साथीच्या काळात न्यायालये मर्यादित चालली, साक्षीपुरावे थांबले, खटले साचले, हे सर्वांना ठाऊक आहे. तरीही प्रश्न उरतोच की वाढलेले हे पाच हजारांहून अधिक लोक नव्याने आणि अधिक संख्येने आत येत असल्यामुळे वाढले, की पूर्वीइतकेच लोक येऊन ते अधिक काळ आत राहू लागल्यामुळे? दोन्ही कारणांनी ३१ डिसेंबरचा आकडा सारखाच फुगतो. वर्षाला १२,००० लोक आत आले आणि प्रत्येक जण सरासरी एक महिना राहिला, तर कोणत्याही दिवशी आत १,००० लोक सापडतील. तेवढेच लोक तीन-तीन महिने राहिले, तर ३,००० सापडतील, आणि तरीही अटकेचे प्रमाण तसूभरही वाढलेले नसेल.

देशाच्या पातळीवर हा हिशेब ढोबळमानाने करता येतो. २०१९मध्ये देशभरातील कारागृहांत वर्षभरात सुमारे १९ लाख लोक दाखल झाले आणि २०२१मध्ये सुमारे १८ लाख. याच दोन वर्षांत न्यायाधीन बंदी ३,३०,४८७वरून ४,२७,१६५वर गेले, म्हणजे २९ टक्क्यांनी वाढले. आत येणाऱ्यांची संख्या वाढलेली नसताना आत असलेल्यांची संख्या इतकी वाढत असेल, तर मुक्काम लांबला, यापलीकडे दुसरा अर्थ मला दिसत नाही. हाच हिशेब महाराष्ट्रासाठी, आणि शक्य झाल्यास एकेका मध्यवर्ती कारागृहासाठी करावा, असा माझा प्रयत्न आहे, कारण मुंबईचे आर्थर रोड, तळोजा, येरवडा आणि नागपूर येथील स्थिती एकसारखी असेल असे मानणे मला पटत नाही.

हे मी केवळ परीक्षेपुरते विचारत नाही. क्षमतेच्या दीडपट लोक असलेल्या बराकीत झोपायला मिळणारी जागा, शौचालयासमोरची रांग, डॉक्टरला दाखवण्यासाठी लागणारे दिवस आणि नातेवाइकांच्या मुलाखतीची मिनिटे ही सर्व या एका संख्येवर ठरतात. तेथे राहणाऱ्या पाच जणांपैकी चार जण कायद्याच्या दृष्टीने अद्याप निर्दोष आहेत. कारण चुकीचे ठरवले तर उपायही चुकीचा होतो. मुक्काम लांबल्यामुळे होणारी गर्दी नव्या बराकी बांधून हटत नाही, आणि २०१९ ते २०२२ या काळात राज्याची क्षमता जेमतेम तेराशेंनी वाढली होती, हेही लक्षात घ्यावे लागते.

माझे प्रश्न असे आहेत. ब्युरोच्या अहवालात न्यायाधीन बंदी किती काळापासून आत आहेत याचा तक्ता असतो, त्यात तीन महिन्यांपर्यंत, तीन ते सहा महिने, आणि शेवटी पाच वर्षांहून अधिक असे गट असतात. त्या तक्त्यावरून सरासरी मुक्काम काढणे योग्य ठरेल का? जामीन मंजूर होऊनही बाहेर पडू न शकणाऱ्यांचे प्रमाण एकूण संख्येत किती महत्त्वाचे मानावे? आणि दीर्घकाळ आत असलेल्या न्यायाधीन बंद्यांच्या सुटकेविषयीचे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४३६-अ, तसेच १ जुलै २०२४पासून त्याच्या जागी आलेले नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९, यांचा बंदीसंख्येवर प्रत्यक्षात किती परिणाम होऊ शकतो?

प्रतिसाद : जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करणारे सदस्य

आपण सिद्धदोष आणि न्यायाधीन अशी फोड केलीत हे फार चांगले झाले, कारण वर्तमानपत्रांतील चर्चा बहुधा बेरजेवरच थांबते. आपल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाविषयी माझ्या कामाच्या अनुभवावरून लिहितो.

जामीन मंजूर होऊनही आत राहणारे बंदी बहुतेक करून चोरी, घरफोडी, किरकोळ मारामारी अशा प्रकरणांतले असतात. न्यायालय पंधरा-वीस हजारांच्या जामिनावर सोडण्याचा आदेश देते, परंतु जामीनदार स्थानिक हवा, त्याच्याकडे ऐपतीचा दाखला, सातबारा, घरपट्टीची पावती किंवा पगारपत्रक हवे, आणि परराज्यातून आलेल्या बांधकाम मजुराला असा माणूस या शहरात मिळत नाही. ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याविषयी स्पष्ट निर्देश दिले आहेत : जामिनाचा आदेश ई-मेलने कारागृह अधीक्षकांकडे पाठवावा, सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे, आणि महिन्याभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालयाने स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करावा. त्याच वर्षी केंद्र शासनाने गरीब न्यायाधीन बंद्यांसाठी ४०,००० रुपयांपर्यंत साहाय्याची योजनाही आणली. या गटाची सुटका व्हायलाच हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु हे लोक काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी कसेबसे सुटतात, वर्षानुवर्षे आत राहत नाहीत.

वर्षानुवर्षे राहतात ते खून, दरोडा, पोक्सो (बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा), अमली पदार्थ आणि मोक्का (संघटित गुन्हेगारीविरुद्धचा राज्याचा कायदा) यांतील आरोपी. मोक्कामध्ये दोषारोपपत्राची मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवता येते आणि आरोपी दोषी नसल्याचे न्यायालयाला सकृद्दर्शनी वाटल्याशिवाय जामीन देता येत नाही. अमली पदार्थ कायद्यातही व्यापारी प्रमाणातील साठ्यासाठी तशीच अट आहे. पुढे खटलाच उभा राहत नाही. आठ आरोपी तीन वेगवेगळ्या कारागृहांत असतात, आरोप निश्चितीच्या दिवशी एका कारागृहातून आरोपीला न्यायालयात आणण्यासाठी पोलिस पार्टी मिळत नाही, एक जण हजर होत नाही, आणि सर्वांनाच पुढची तारीख मिळते. व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने कोठडी वाढवण्याचे काम सोपे झाले, साक्षी नोंदवण्याचे नाही.

कलम ४३६-अ मध्ये कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत घालवलेल्या बंद्याला सोडण्याची तरतूद होती, मात्र मृत्युदंड होऊ शकणारे गुन्हे त्यातून वगळलेले होते. कलम ४७९ने पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या आरोपीसाठी ही मुदत एक तृतीयांशावर आणली आणि २३ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती जुन्या प्रकरणांनाही लागू असल्याचे सांगितले. परंतु त्याच कलमाने जन्मठेपेस पात्र गुन्हेही वगळले, आणि एकाहून अधिक प्रकरणांत तपास, चौकशी किंवा खटला प्रलंबित असलेल्यांनाही. म्हणजे सर्वाधिक काळ आत असलेला गटच या सवलतीतून वगळला गेला. आपण या कलमाचा परिणाम मोजणार असाल, तर पात्र ठरणाऱ्यांची संख्या प्रथम पाहावी. ती अपेक्षेहून बरीच कमी निघेल, असा माझा कयास आहे.

प्रतिसाद : संख्याशास्त्र शिकवणाऱ्या सदस्या

कालावधीच्या तक्त्यावरून सरासरी मुक्काम कृपया काढू नका. त्या तक्त्यात ३१ डिसेंबरपर्यंत लोटलेला काळ असतो, पूर्ण झालेला मुक्काम नसतो. आज दोन महिने झालेला बंदी उद्या सुटेल की चार वर्षांनी, हे त्यातून कळत नाही. शिवाय एका दिवसाच्या मोजणीत दीर्घकाळ राहणारे लोक प्रमाणापेक्षा फार जास्त दिसतात. समजा, एका कारागृहात दरमहा १०० जण येतात, त्यांपैकी ९० जण एक महिना राहतात आणि १० जण तीन वर्षे राहतात. कोणत्याही दिवशी तेथे पहिल्या प्रकारचे ९० आणि दुसऱ्या प्रकारचे ३६० बंदी असतील. आत येणाऱ्यांतील दहा टक्के लोक आत असणाऱ्यांतील ऐंशी टक्के होतात.

वरच्या प्रतिसादातील निरीक्षणाशी हे जुळते. जामीनदाराची अडचण सुटली तर असंख्य माणसांचा छळ थांबेल, पण बंदीसंख्या फारशी उतरणार नाही. दीर्घ खटल्यांचा मुक्काम तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आला, तर याच उदाहरणात ३६०चे २४० होतात. दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत, परंतु लघुप्रबंधात त्यांना एकाच मापाने मोजू नये.

सरासरी मुक्कामासाठी साधा भागाकार पुरेल : वर्षभरातील सरासरी न्यायाधीन बंदीसंख्या भागिले त्या वर्षी नव्याने दाखल झालेले न्यायाधीन बंदी. उत्तर वर्षांत मिळेल. हे सूत्र स्थिर काळातच नीट चालते, म्हणून २०२० आणि २०२१ ही वर्षे वेगळी ठेवून २०१९ आणि २०२२ यांची तुलना करावी. आपण देशासाठी वापरलेल्या दाखल संख्येत सिद्धदोषही असणार, तेवढी दुरुस्ती राज्याच्या आकड्यांत आवश्यक आहे. एका कारागृहातून दुसऱ्यात बदली होऊन आलेले लोक नव्याने दाखल झाले असे मोजले गेले, तर मुक्काम कृत्रिमरीत्या लहान दिसेल, याचीही खात्री करून घ्यावी.

धागाकर्तीचा प्रतिसाद

आपणा दोघांचे मनापासून आभार. दीर्घ मुक्कामाच्या गटाचे उदाहरण वाचल्यावर माझ्या आराखड्यातील एक प्रकरण पूर्ण बदलावे लागणार आहे, आणि तसे केल्याने ते अधिक खरे होईल असे वाटते.

आता येरवडा, तळोजा आणि नागपूर या तीन मध्यवर्ती कारागृहांकडे माहिती अधिकाराखाली २०१९ व २०२२ या वर्षांतील महिनानिहाय नव्याने दाखल झालेले न्यायाधीन बंदी, बदलीने आलेले बंदी आणि जामिनावर किंवा निर्दोष सुटलेले बंदी यांची संख्या मागावी, असे ठरवत आहे. राज्याच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा असल्याने अर्ज वेगवेगळे करावे लागतील. ज्या स्वरूपात माहिती ठेवलेलीच नाही, ती नव्याने तयार करून देण्याचे बंधन कार्यालयावर नसते, त्यामुळे नोंदवहीतील नेमका रकाना माहीत असणे फार आवश्यक आहे. कारागृहाच्या दाखल नोंदवहीत बदलीने आलेल्या बंद्याची नोंद वेगळ्या रकान्यात होते की नव्या बंद्यांबरोबरच, हे कारागृह प्रशासनात काम केलेल्या कोणा सदस्याला सांगता येईल का?