दशमांश पूर्ण पट्टीवर की खर्च वजा जाता? कोरडवाहू शेतीचा हिशेब

कोरडवाहू_खजिनदार (ता. दारव्हा)

सर्वांना सलाम. आमच्या ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) बहुतेक घरं कापूस-सोयाबीनवाली, काही मजुरीवर, दोन-चार नोकरीवाले. उपकारस्तुतीचा सण जवळ आला की तोच घोळ. दशमांश, म्हणजे मंडळीला द्यायचा उत्पन्नाचा दहावा हिस्सा, कापसाच्या पूर्ण पट्टीवर (विक्रीच्या पूर्ण रकमेवर) काढायचा की बियाणं, खत, वेचणी वजा करून? पीक कर्ज डोक्यावर असताना आधी बँक की आधी मंडळी? त्यात यंदा इमारतीसाठी नावानिशी आकडे मागणं सुरू आहे. काही जण सावकाराकडून काढून देतील अशी लक्षणं दिसतात. वचनं सगळ्यांना पाठ आहेत, हिशेबाला कोणी बसत नाही. कागदावर मांडता येईल असं सांगा.

हिशेबनीस

पूर्ण पट्टीवर म्हणणारे बायबलमधलं अनुवाद १४:२२ दाखवतात, शेताच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा. पण त्या काळच्या शेतकऱ्याचं बी घरचं, खत गोठ्यातलं, अंगमेहनत बहुधा घरच्यांची. बीटी बियाण्याचं पाकीट, युरिया आणि किलोवर वेचणी हा खर्च त्याला नव्हताच. आज तोच नियम पट्टीला लावला तर काय होतं ते बघा. आकडे नमुन्याचे आहेत, आपापले घालून बघा.

३ एकर कापूस, एकरी ६ क्विंटल, भाव ७,००० धरला तर १,२६,००० रुपये. २ एकर सोयाबीन, एकरी ५ क्विंटल, भाव ४,२००, म्हणजे ४२,०००. एकूण पट्टी १,६८,०००.

कापसाचा एकरी खर्च: नांगरणी-वखरणी २,५००. बियाणं ४७५ ग्रॅमची २ पाकिटं, २०२५ च्या ९०१ रुपये दराने १,८०२. खत ४,५००, निंदण-डवरणी ४,०००, चार फवारण्या ३,६००. वेचणी किलोला १० रुपयांप्रमाणे ६,०००, गाडीभाडं ६००. झाले साधारण २३,०००, तीन एकराचे ६९,०००. सोयाबीनला मशागत, बियाणं, खत, तणनाशक, सोंगणी आणि मळणी धरून एकरी १४,४००, दोन एकराचे २८,८००. एकूण खर्च ९७,८००. हातात उरले ७०,२००.

पट्टीवर दशमांश १६,८००. उरलेल्यावर ७,०२०. म्हणजे पट्टीवर देणारा शेतकरी खरं तर उरलेल्यातला जवळपास चौथा हिस्सा देतो, आणि शेजारच्या बाकावर बसलेला शिक्षक पगाराचा दहावा. ज्याच्या मनात पट्टीवर द्यायचं आहे त्याने खुशाल द्यावं, २ करिंथ ९:७ मध्ये ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे म्हटलंय. मंडळीचा नियम म्हणून मात्र हे लावू नका.

घरच्या माणसांची मजुरी खर्चात धरू नका, ती कमाईच आहे. बैलांचा चारा विकत घेतला असेल तरच धरा. किराणा, शाळेची फी, मोबाईल हा संसाराचा खर्च, तो वजा होत नाही. इथेच लोक गडबड करतात आणि दशमांश शून्यावर आणून ठेवतात.

पद्धत साधी आहे. बाजार समितीची हिशेबपट्टी किंवा खेडा खरेदीवाल्याची (गावात येऊन माल घेणाऱ्या व्यापाऱ्याची) चिठ्ठी मिळाली की त्याच संध्याकाळी वहीत उतरवा. खेडा खरेदीत काटा, कटती (वजनातली कपात) आणि हमाली तोंडीच उडते, म्हणून वजन आणि कटती तिथेच लिहून घ्या. शेवटची वेचणी होईपर्यंत नफा कळत नाही, तेव्हा प्रत्येक पट्टीवर ४ टक्के बाजूला ठेवत जा आणि फरदड (शेवटच्या वेचणीसाठी उभी ठेवलेली कपाशी) उपटल्यावर फेब्रुवारीत हिशेब मिटवा. वरच्या नमुन्यात ४ टक्क्यांचे ६,७२० होतात, म्हणजे शेवटी फक्त ३०० द्यायचे राहतात. जुलै ते सप्टेंबर शेतकऱ्याच्या घरात पैसा नसतोच. त्या महिन्यांत त्याच्याकडे दरमहा दशमांश मागू नये.

पऱ्हाटीवाला

भाऊंनी मांडलं ते बरोबर, फक्त एक चूक लय लोक करतात ते सांगतो. पीक कर्ज ९०,००० काढलं, त्यातूनच बियाणं-खत घेतलं, ते खर्चात धरलं. मंग बँकेत भरताना तेच ९०,००० पुन्हा वजा करतात. एकाच बैलाले दोनदा जू! मुद्दल वजा होत नाही, व्याज होते. अन् कर्ज हातात आलं तेव्हा त्याच्यावर दशमांश नाही, कारण ते उत्पन्नच नाही.

पीक विम्याची भरपाई आली तर आधी त्या पिकाचा बुडालेला खर्च भरून काढायचा, वर उरलं तर ते उत्पन्न. कापसाले हप्ता विमा रकमेच्या जास्तीत जास्त ५ टक्के, सोयाबीनले जास्तीत जास्त २ टक्के, तो खर्चाच्या रकान्यात.

आता आधी बँक का मंडळी? ३ लाखांपर्यंतच्या पीक कर्जाचा दर ७ टक्के. मुदतीत भरलं तर केंद्राची ३ टक्के सूट अन् वरून राज्याची पंजाबराव देशमुख व्याज सवलत, म्हणून व्याज शून्यावर येते. मुदत चुकली तर दोन्ही गेलं. ९०,००० वर वर्षाचे ६,३०० रुपये, म्हणजे वरच्या हिशेबातला दशमांश जवळपास तेवढाच! बँकेले उशीर करून मंडळीत आकडा टाकणाऱ्यानं तेवढेच पैसे व्याजात फेकले. देणं ठेवू नका हे रोमकरांस १३:८ मध्येच हाय ना?

अन् नवं-जुनं करासाठी, म्हणजे जुनं कर्ज भरून लगेच नवं काढासाठी, चार दिवस सावकाराकडून उचलू नका. शेकड्याले २ धरले तरी ९०,००० वर १,८०० गेले, तेही चार दिवसांचे. त्यापेक्षा सोयाबीनची पट्टी सरळ कर्ज खात्यात टाका.

शांतिसदन_ताई

इमारत निधीबद्दल. वर्गणीचे आकडे उपासनेत नावानिशी वाचायची पद्धत आधी बंद करा. सगळा दबाव तिथून येतो. त्याऐवजी पाकिटात लिहून घ्या आणि दोनच जणांना उघडू द्या. आकडा पीक हाती आल्यावर लिहून घ्यायचा, पेरणीच्या वेळी नाही. मंडळीसाठी लूक १४:२८ आहेच: बुरूज बांधायचा तर आधी खर्चाचा हिशेब. जोत्यापर्यंत किती, भिंतीला किती, टिनाला किती, असे टप्पे पाडा आणि जमलेल्या पैशाचाच टप्पा घ्या.

सावकाराकडून काढून दिलेलं अर्पण घेऊ नये असं मंडळीच्या बैठकीत लिहूनच ठेवा. महिन्याला शेकडा ३ म्हणजे वर्षाचे ३६ टक्के. १०,००० दिले आणि पुढच्या हंगामात फेडले तर १३,६०० जातात. परवानाधारक सावकारालाही शेतकऱ्याला तारणावर दिलेल्या कर्जावर वर्षाला ९ आणि विनातारण १२ टक्क्यांच्या वर घेता येत नाही. ३ टक्के महिना मागणारा बेकायदाच आहे, त्याची तक्रार उपनिबंधक सहकारी संस्थांकडे करता येते.

म्हाताऱ्या आईच्या औषधाचे पैसे मंडळीत टाकणाऱ्यांना मार्क ७:९ ते १३ वाचायला लावा. कुर्बान (हे देवाला वाहिलंय) म्हणून आईबापाला टाळणाऱ्यांना प्रभूने काय म्हटलं ते तिथे आहे.

खजिनदारांनी स्वतःसाठी: अर्पण मोजताना दोन वेगळ्या घरांतली माणसं, नोटांचे मूल्य लिहिलेला कागद, दोघांच्या सह्या, आणि सोमवारी बँकेत भरणा. पैसे पतसंस्थेत ठेवू नका. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेच्या ठेवीला ते संरक्षण नाही. नोकरीवाले ८०-जी, म्हणजे देणगीवरची आयकर वजावट, विचारतील. निव्वळ धार्मिक मंडळीला ते सहसा मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत ती वजावटच नाही, तेव्हा कुणाला आश्वासन देऊ नका.

मे महिन्यात एक रविवार पासबुकांसाठी ठेवा. पंतप्रधान सुरक्षा विम्याचे (अपघात विमा) २० आणि जीवनज्योतीचे (आयुर्विमा) ४३६ रुपये ३१ मेच्या आत खात्यातून कटायला हवेत. खात्यात तेवढी शिल्लक नसली की विमा बंद पडतो, आणि हे घरच्यांना दावा करायला गेल्यावर कळतं.

सातबारा

सगळ्यांचं लक्ष दशमांशावर आहे, घरं मात्र जामिनावर बुडतात. भावकीतला माणूस ट्रॅक्टरचं कर्ज काढतो, मंडळीतलाच म्हणून सही मागतो, आणि सही होते. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. बँकेला आधी कर्जदाराच्या मागे लागायचं बंधन नाही, आणि हप्ते थकले तर जामीनदाराचा सिबिलही (कर्जफेडीचा गुणांक) बिघडतो, मग त्याचं स्वतःचं पीक कर्ज अडतं. नीतिसूत्रे ६:१ ते ५ याच विषयावर आहे, अडकला असशील तर झोप न घेता सुटका करून घे. मदत करायचीच असेल तर परत आले नाहीत तरी चालतील एवढे पैसे रोख द्या, सही देऊ नका.

दुसरं, जूनचं सोयाबीन बियाणं घरचं ठेवा. दोन एकराला ६० किलो. पोती आपटू नका, साल पातळ असते, डाळ होते. मे अखेर १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळा. ७० च्या वर उगवले तर पेरा.

कोरडवाहू_खजिनदार (ता. दारव्हा)

आभारी आहे. हिशेबाचा नमुना फळ्यावर लिहून ठेवतो. एक राहिलंच: आमच्याकडे पाच-सहा घरं दुसऱ्याची शेती बटईने (अर्ध्या वाट्याने) आणि ठेक्याने (ठरीव रकमेवर) करतात. त्यांचं कसं धरायचं?

हिशेबनीस

ठेक्याची रक्कम सरळ खर्चात. बटईत मालकाचा अर्धा हिस्सा त्यांचा नाहीच, तो पट्टीतून आधी काढा, मग आपल्या वाट्याचा खर्च. मालकही मंडळीतलाच असेल तर त्याच्या अर्ध्यावरचा दशमांश त्याचा तो देईल, दोघांकडून एकाच पोत्याचा घेऊ नका.