मदत हवी आहे : वेशभूषा दिनासाठी मुलाची नऊवारी आणि शाळेला द्यायचे निवेदन

नमस्कार. माझा मुलगा सोलापुरात तिसरीत शिकतो. शाळेच्या वेशभूषा दिनाला मुलांनी स्त्रीची व मुलींनी पुरुषाची भूमिका करावी, अशी सूचना आली असून त्याने हौसेने नऊवारी निवडली आहे. सासूबाईंनी आपली इरकल आनंदाने काढून दिली. परंतु एवढ्या लहान अंगावर निऱ्यांचा फार मोठा घोळ होतो आणि जिना चढताना काष्टा सुटतो. साडी न कापता ती घट्ट कशी नेसवावी, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

दुसरी अडचण मला अधिक महत्त्वाची वाटते. सूचनेत मुलांनी लाटणे आणि मुलींनी ऑफिसची बॅग आणावी, असे लिहिले आहे. ज्या रंगभूमीवर बालगंधर्वांच्या (१८८८–१९६७) स्त्रीभूमिका पाहून घरंदाज स्त्रिया त्यांच्यासारख्या साड्या नेसू लागल्या, तिच्या मुलखात मुलाने नेसलेली साडी हसण्याचा विषय होऊ नये, असे मला मनापासून वाटते. लाटण्याऐवजी डॉक्टर, विणकर किंवा शिक्षिका साकारू द्यावी आणि ज्यांची इच्छा नाही त्यांना सक्ती नसावी, असे मी वर्गशिक्षिकांना लिहिणार आहे. असे निवेदन कोणी दिले असल्यास त्याचा मजकूर कसा होता, हे कळवावे.