मदत हवी आहे: घरी रोपं करायला प्रोट्रे (रोपांसाठीचा खणाखणांचा प्लास्टिक ट्रे) घ्यावा की दह्याचे डबे चालतील?

पूर्वेची_बाल्कनी
पुण्यात आहे. ऊन सकाळी ७ ते ११. टोमॅटो, मिरची, वांगी यांची प्रत्येकी पाच-सहा रोपं, दोन वेल काकडीचे आणि थोडं गाजर एवढंच हवंय. घरात अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे, दह्याचे ४०० ग्रॅमचे डबे, चहाचे कागदी कप आणि करवंट्या आहेत. अंड्यांच्या ट्रेमध्ये बागेतली माती घालून मिरची पेरली होती. उगवली, पण आठवड्याभरात खोड मातीलगत बारीक होऊन रोपं आडवी पडली. भांडं चुकलं की माती? प्रोट्रे विकत घ्यावाच लागेल का?

वाफा_ते_कुंडी
दोन्ही चुकलं. हा रोपं कोलमडण्याचा रोग, मातीतल्या बुरशीमुळे होतो आणि सतत ओल राहिली की पसरतो. पुठ्ठ्याचा खळगा जेमतेम तीन-चार सेंमी खोल. भांडं जितकं उथळ, तितका त्यातल्या मातीचा मोठा भाग पाणी दिल्यावर चिंब राहतो. त्यात बागेची माती दाबून बसते, मुळांना हवा मिळत नाही. पुठ्ठा स्वतःही ओल धरून बुरशी पाळतो. तो ट्रे भंगारात द्या.

प्रोट्रेची सक्ती नाही. ९८ खणांच्या ट्रेमध्ये खणाला २०-२५ मिली मिश्रण मावतं, म्हणजे उन्हात दिवसातून दोनदा पाणी आलं. तुम्हाला वीसेक रोपंच हवीत, तर चहाचे कप उत्तम. १०० मिलीच्या आसपासचे घ्या, ६० मिलीचे कटिंगवाले नकोत. तळाला कडेजवळ ४-५ मिमीची तीन भोकं, तापवलेल्या सळईने. मधोमध एकच भोक पाडलं आणि कप सपाट फरशीवर ठेवला की ते बंदच होतं.

कोकोपीट_धुऊन_घ्या
खाली खडे घालायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. बारीक मिश्रणातलं पाणी ते पूर्ण भरल्याशिवाय खड्यांत उतरत नाही, उलट चिखलाचा थर मुळांच्या आणखी जवळ सरकतो. भोकं पुरेशी असली की झालं.

मिश्रण: कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) २ भाग, चाळलेलं गांडूळखत १ भाग. कोकोपीटची ६५० ग्रॅमची दाबलेली वीट भिजवल्यावर आठ-नऊ लिटर होते, तुम्हाला भरपूर पुरेल. आधी दोन-तीन पाण्यांतून धुऊन पिळा, त्यात क्षार असतात. नाहीतर पानांच्या कडा करपतात आणि आपण खताला दोष देत बसतो. मुठीत दाबल्यावर दोन-चार थेंबच पडावेत, धार नको.

पूर्वेची_बाल्कनी
दह्याचे डबे मग कशाला? आणि करवंटी?

वाफा_ते_कुंडी
डब्यात थेट बी टाकू नका. इवल्याशा मुळाला एवढ्या मोठ्या डब्यातलं पाणी ओढता येत नाही, मिश्रण आठवडाभर ओलंच राहतं. मिरची आणि वांगी चार खऱ्या पानांवर (उगवतानाची पहिली जोडी सोडून) आली की कपातून डब्यात हलवा. मिरची सावकाश वाढते, कायमच्या कुंडीत जायला ३५-४५ दिवस घेते. टोमॅटो २५-३० दिवसांत तयार होतो, त्याला कपातून थेट कुंडीत नेलं तरी चालतं. डबा पारदर्शक असेल तर बाहेरून कागद गुंडाळा, नाहीतर आत हिरवं शेवाळ धरतं.

करवंटीला भोक पाडेपर्यंत दुसरे दहा कप तयार होतात. शिवाय गोल तळामुळे ती कलंडते. शोभेला ठेवा.

काकडी वेगळी. तिची मुळं दुखावली की वेल रुसतो. वर्तमानपत्राचे दोन-तीन पदरी कप करा, ८-१० सेंमी उंच, प्रत्येकी दोन बिया. १२-१५ दिवसांत कागदासकट लावा, पण मातीवर डोकावणारी कड फाडून टाका. ती उघडी राहिली तर ओल शोषून वाळवते. चहाच्या कपाला आतून प्लास्टिकचा थर असतो, तो कुजत नाही. त्यातून रोप काढूनच लावायचं.

गाजर कुठल्याच कपात नको. मूळ वाकलं की गाजर दुभंगतं. थेट २५-३० सेंमी खोल कुंडीत पेरा.

कोकोपीट_धुऊन_घ्या
पेरताना मिरची-टोमॅटोचं बी अर्धा सेंमी खोल, त्याहून खाली नको. वर प्लास्टिक झाका, सावलीत ठेवा. पहिला कोंब दिसला की त्याच दिवशी झाकण काढून सकाळच्या उन्हात आणा. दोन दिवस उशीर झाला तर रोपं लांबुळकी होतात आणि मग सावरत नाहीत.

पाणी वरून ओतू नका. परातीत एक-दीड सेंमी पाणी घेऊन कप १५-२० मिनिटं ठेवा, उरलेलं फेका. कप उचलून हलका लागला तरच पुढचं पाणी. दोन खरी पानं आली की आठवड्यातून एकदा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं, पाण्यात विरघळणारं खत), लिटरला १ ग्रॅम.

पूर्वेची_बाल्कनी
जुने डबे नुसते धुतले तर चालतील?

वाफा_ते_कुंडी
दह्याचे चालतील. ज्यात रोपं कोलमडली होती ते असतील तर साबणाने घासून, एक भाग ब्लीच नऊ भाग पाण्यात दहा मिनिटं बुडवा, मग साध्या पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवा. त्यातली जुनी माती मात्र पुन्हा रोपांसाठी वापरू नका.