शाळा एकच, शिक्षक एकच, तरी मार्कांत घरची परिस्थिती शिरते कुठून?

कोरंपान
माझा एक मित्र स्वतः हलाखीतून वर आलाय. त्याचं ठाम मत की गरिबी वगैरे सगळ्या सबबी आहेत, जिद्द असेल तर पोरगं कुठेही शिकतं. समजवायला गेलं की स्वतःकडेच बोट दाखवतो, मग बोलणार काय. पण मला पटत नाही, कारण कुठल्याही वर्गात साधारण त्याच परिस्थितीतली मुलं मागे पडताना दिसतात आणि ती सगळीच्या सगळी आळशी असतील असं कसं होईल? शाळा एकच, पुस्तकं फुकट, फी माफ, तरी फरक पडतो तो नेमका कुठे पडतो? ‘पैसे नसतात हो’ एवढंच उत्तर नको, ते मलाही कळतं.

खडूफळा
बरीच वर्षं शिकवतेय म्हणून लिहिते. फरक एका ठिकाणी पडत नाही, तो रोज थोडा थोडा साचतो. घरी कुणी आजारी पडलं की धाकट्याला सांभाळायला मोठी मुलगी घरी राहते, त्याच आठवड्यात अपूर्णांक शिकवून होतात, पुढच्या वर्षी बीजगणित सुरू झालं की तिला काहीच कळत नाही आणि तोपर्यंत मूळ कारण कुणालाच आठवत नसतं, सगळे म्हणतात हिचं गणित कच्चं. सुखवस्तू घरातली मुलंही आजारी पडतात की, पण त्यांचं बुडलेलं कुणीतरी बसून भरून काढतं.

डोळ्यांचं तर विचारूच नका. फळा दिसत नसलेलं मूल ‘लक्ष नाही’ म्हणून शेवटच्या बाकावर जातं, म्हणजे आणखी लांब! चीनच्या ग्रामीण भागात शाळकरी मुलांना फुकट चष्मे देऊन पाहिले होते, २०१४ साली तो अभ्यास छापून आला, चष्मा मिळालेल्या मुलांचे गणिताचे गुण वाढले. शिकवणं तेच, शिक्षक तेच.

आणि शंका विचारणं. ॲनेट लॅरो नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी नऊ-दहा वर्षांच्या मुलांच्या घरी जाऊन बारकाईने निरीक्षण केलं. मध्यमवर्गीय घरात मुलांना मोठ्यांशी हुज्जत घालायची, डॉक्टरला प्रश्न विचारायची सवय लावतात. कष्टकरी घरातली मुलं मोठ्यांपुढे गप्प राहायला शिकतात. आम्हा शिक्षकांना गप्प मूल आवडतं खरं, पण शिकतं ते हात वर करणारं.

आकडेमोड
खडूफळा, +१. थोडी भर.

हा प्रश्न जुना आहे. १९६६ साली अमेरिकेत जेम्स कोलमन यांचा मोठा अहवाल आला, सहा लाखांहून जास्त विद्यार्थी. सगळ्यांना वाटलं होतं की इमारती, प्रयोगशाळा, खर्च यातला फरक दिसेल, पण निघालं असं की गुणांतल्या फरकाचा घरच्या परिस्थितीशी जास्त संबंध आहे, शाळेच्या साधनांशी त्यामानाने कमी. पुढे बाल्टिमोरच्या मुलांचा माग काढला तर दिसलं की शाळा चालू असताना गरीब आणि सुखवस्तू अशा दोन्ही थरांतली मुलं जवळपास सारखीच पुढे सरकतात आणि अंतर वाढतं ते उन्हाळ्याच्या सुट्टीत. आता सुट्टीच्या मुद्द्यावर वाद आहे, नव्या आकडेवारीत बरंचसं अंतर पहिल्या दिवशी शाळेत पाऊल टाकतानाच तयार असतं असं दिसतं. म्हणजे काहीही धरा, शाळा एकटी हे अंतर तयार करत नाही.

तिरकस
झालं, शाळांना क्लीन चिट! हेच ऐकायचं बाकी होतं.

रे रिस्ट नावाच्या संशोधकाचं १९७० सालचं निरीक्षण वाचा. बालवर्गाच्या बाईंनी आठव्या दिवशी मुलांना तीन टेबलांवर वाटून टाकलं, कुठलीही परीक्षा नाही, कपडे, बोलणं, घरची माहिती एवढ्यावरून. बाईंचा बहुतेक वेळ पहिल्या टेबलाला. दुसरीत गेली तरी वाटणी जवळपास तशीच, फक्त आता तिला मार्कांचा पुरावा मिळाला होता. घर कारणीभूत आहे मान्य, पण शाळा त्यावर शिक्का मारते त्याचं काय?

आकडेमोड
@तिरकस, क्लीन चिट कुठे दिली राव. शाळेचा परिणाम होतो, आणि गरीब मुलांवर जास्तच होतो कारण त्यांच्याकडे दुसरं काही नसतं. मिशिगनमध्ये १९६० च्या दशकात पेरी प्रीस्कूलचा प्रयोग झाला, गरीब घरातली १२३ मुलं, दोन गट, एकाला चांगली बालवाडी आणि घरी जाऊन आईशी बोलणारे शिक्षक. बुद्ध्यांकातली आघाडी काही वर्षांत विरली, लोक म्हणाले पैसा वाया गेला. पण चाळिशीत तपासलं तर त्या गटात शिक्षण पूर्ण केलेले जास्त, कमाई जास्त, अटक झालेले कमी. नुसते मार्क बघितले असते तर हे दिसलंच नसतं.

कोरंपान
मस्त माहिती, सगळ्यांचे आभार. पण मित्र यावर म्हणणार, ‘ठीक आहे, पण संयम आणि जिद्द घरून फुकट मिळते ना?’

खडूफळा
त्याला तो मार्शमेलोचा (मऊ गोड खाऊ) प्रयोग सांगा, थांबलं तर दोन मिळतील असं सांगून लहान मुलांचा संयम बघायचा. जे थांबले ते पुढे अभ्यासात चमकले असं वर्षानुवर्षं ऐकवलं गेलं. २०१८ मध्ये नऊशेहून जास्त मुलांच्या माहितीवरून पुन्हा तपासलं, घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर तो संबंध बराच पुसट झाला. आणि साधी गोष्ट आहे, मोठ्यांना दिलेला शब्द नेहमी पाळता येत नाही अशा घरातलं मूल समोरचं पटकन खातं तेव्हा ते शहाणंच वागत असतं.

डोकं रिकामं असणं हीसुद्धा चैन आहे. तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांना तोड व्हायच्या आधी, हात आखडलेला असताना, आणि पैसे आल्यावर अशा दोन्ही वेळी कोडी घातली होती, २०१३ साली प्रसिद्ध झालं ते. माणूस तोच, पण तंगीत असताना उत्तरं वाईट. मोठ्यांचं हे, तर घरात भाड्यावरून चाललेली भांडणं ऐकत पाठांतर करणाऱ्या पोराचं काय होत असेल.

तिरकस
तुमच्या मित्राला एकच विचारा, त्याच्याबरोबरची किती पोरं पोचली? आणि एक पेपर वाईट गेला असता तर त्याला वर्षभर घरी बसून पुन्हा द्यायला परवडलं असतं का? पैसेवाल्याचं मध्यम हुशार पोरगं दोनदा आपटून तिसऱ्यांदा पास होतं, शाखा बदलतं, तरी नीट मार्गी लागतं. गरिबाच्या पोराला पहिल्याच फटक्यात जमवावं लागतं, नाहीतर कामाला लाग. जिद्द दोघांतही असेल, पण चुकायची मुभा एकालाच आहे.

कोरंपान
हा प्रश्न विचारतो त्याला. चिडणार आहे तो, नक्की.