जॉर्जियात पाचवं वर्ष चालूए, एफएमजीईचा अभ्यास आत्तापासून कसा लावू?

तिबिलिसीतली_उदगीरकर

नमस्कार सगळ्यांना. मी मूळची उदगीरची, सध्या तिबिलिसीत एमबीबीएसच्या पाचव्या वर्षाला, कोर्स सहा वर्षांचा आहे. बॅचला महाराष्ट्रातली बरीच मुलं आहेत, लातूर नांदेड बीड जळगाव, आणि आजकाल मेसमध्ये रात्री एकच विषय असतो, एफएमजीई, म्हणजे बाहेरून एमबीबीएस केलेल्यांना भारतात प्रॅक्टिससाठी द्यावी लागणारी परीक्षा. इथल्या युनिव्हर्सिटीच्या परीक्षा निघतायत, त्याचं टेन्शन नाही, पण परवा एका सिनियरने जुने प्रश्न दाखवले तर पीएसएमचे (सामाजिक आरोग्याचे) अर्धे प्रश्न विचारतायत काय तेच कळेना. आम्हाला पब्लिक हेल्थ शिकवलं ते युरोपच्या हिशोबाने, आशा वर्कर किती लोकसंख्येमागे हे इथे कोण सांगणार? क्लिनिकलला हॉस्पिटलमध्ये नेतात पण पेशंट जॉर्जियन बोलतो, वयस्कर असेल तर रशियन, प्रोफेसर इंग्रजीत दोन वाक्यं सांगून पुढच्या बेडवर जातात, त्यामुळे हिस्टरी घ्यायची सवय म्हणून लागलीच नाहीये.

मला विचारायचंय की आत्तापासून रोज दोन-तीन तास काढले तर सुरुवात कशाने करू, ॲनाटॉमीपासून सगळं पुन्हा करायचं का? डिग्री हातात आल्यावर दिल्लीला जाऊन क्लास लावायचा की ॲपवर भागतं? पप्पांनी आधीच लोन काढलंय, परत दिल्लीचा खर्च सांगायला जीव होत नाही. आणि काही जण म्हणतात एफएमजीईच्या जागी नेक्स्ट ही नवी परीक्षा येणार आहे, आत्ता एफएमजीईचा अभ्यास करणं वाया जाईल, हे खरंय का? कोणी यातून गेलेलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

बिश्केक_ते_वॉर्ड

मी किर्गिझस्तानवरून आलोय, एफएमजीई काढली, आता महाराष्ट्रातच एका सरकारी कॉलेजला इंटर्नशिप करतोय, नाइट ड्युटीवरून येऊन लिहितोय त्यामुळे थोडं विस्कळीत होईल.

आधी नेक्स्टचं. नेक्स्ट एनएमसी (नॅशनल मेडिकल कमिशन) ॲक्टमध्ये २०१९ पासून लिहिलेली आहे आणि तेव्हापासून प्रत्येक बॅच हेच म्हणत आलीय की आपल्या वेळी येणार. अजून झालेली नाही, एफएमजीई वर्षातून दोनदा चालूच आहे. आणि समजा आली तरी विषय तेच आहेत ना, तेच मेडिसिन तेच सर्जरी. त्यामुळे नेक्स्टच्या नावाने थांबणं हा सगळ्यात महागडा निर्णय आहे, थांबू नकोस.

आता पेपर. ३०० प्रश्न, सकाळी १५० आणि दुपारी १५०, दोन्हीला अडीच-अडीच तास, पास व्हायला १५०, निगेटिव्ह नाही, विषयवार कटऑफ नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण बहुतेक सेशनला दहातले दोन-तीनच पास होतात. आता प्रत्येक भागात ५०-५० प्रश्नांचे सेक्शन आहेत आणि सेक्शनची ५० मिनिटं संपली की तो बंद होतो, मागे जाता येत नाही. 'अवघड सोडून शेवटी बघू' ही आपली शाळेपासूनची सवय फक्त त्या ५० मिनिटांपुरती चालते.

मार्कांची वाटणी पाठच करून टाक. ॲनाटॉमी फिजिओ बायोकेम प्रत्येकी १७, पॅथो मायक्रो फार्मा प्रत्येकी १३, फॉरेन्सिक १०, म्हणजे प्री-पॅरा (क्लिनिकलच्या आधीचे विषय) सगळं मिळून १००. उरलेले २०० क्लिनिकलचे. त्यात मेडिसिन ३३, सर्जरी ३२, ओबीजी (स्त्रीरोग-प्रसूती) ३०, पीएसएम ३०, पेड्स (बालरोग) ऑप्थॅल (डोळे) ईएनटी (कान-नाक-घसा) १५-१५, आणि सायकियाट्री स्किन रेडिओथेरपी ॲनेस्थेशिया ऑर्थो रेडिओलॉजी हे सहा विषय ५-५ चे. आता बघ, पीएसएम ओबीजी पेड्स ऑप्थॅल ईएनटी एवढ्या पाचच विषयांचे १०५ होतात. आणि ते सहा छोटे मिळून पुन्हा ३०, म्हणजे एका अख्ख्या पीएसएमएवढे, आणि त्यांच्या नोट्स किती, मूठभर. ॲनाटॉमीपासून ओळीने सुरू करणारी मुलं एम्ब्रिओ आणि ब्रेकियल प्लेक्ससमध्ये दोन महिने घालवतात आणि परीक्षा जवळ आली की पीएसएम नुसतं चाळतात, हे मी माझ्या हॉस्टेलवर डोळ्यांनी बघितलंय. तू पाचव्या वर्षाला आहेस तर तिथे जी रोटेशन चालू असेल, समजा गायनॅक, तोच विषय त्याच महिन्यात भारतीय नोट्समधून कर आणि त्याच आठवड्यात त्याचे एमसीक्यू सोडव. सोबत पॅथो-फार्मा-मायक्रो रोज थोडं थोडं, कारण मेडिसिनचे निम्मे प्रश्न शेवटी यांच्यावरच उभे असतात.

ॲपचं म्हणशील तर कुठलंही एक घे, मॅरो घे नाहीतर प्रेपलॅडर घे, फक्त एकच घे. दोन ॲपचे व्हिडिओ आणि तिसऱ्याच्या नोट्स असं केलं की रिव्हिजन होतच नाही. आणि व्हिडिओ दीडपट स्पीडने बघून 'झाला विषय' म्हणायचं नाही, क्यूबँक (ॲपमधला प्रश्नसंच) सोडवल्याशिवाय झाला नाही.

पीएसएमवाली_रेसिडेंट

वरच्या दादांचं बहुतेक सगळं पटतंय. मी फिलिपिन्समधून शिकले, आता इथे कम्युनिटी मेडिसिनमध्येच (म्हणजे पीएसएममध्येच) पीजी करतेय, म्हणून पीएसएमबद्दल जरा जास्त लिहिते, चालवून घे.

तू लिहिलंस ना की आशा वर्करचं इथे कोण सांगणार, तेच खरं दुखणं आहे. बाहेर शिकलेली मुलं हुशार असतात, पण ही परीक्षा भारतातल्या पेशंटला बघायची तयारी तपासते. आपल्या देशातले आजार, आपली आरोग्य यंत्रणा, आपले कायदे. सुट्टीत उदगीरला येशील तेव्हा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मेडिकल ऑफिसरांना भेट आणि लसीकरणाच्या दिवशी एएनएम (नर्स) ताईंजवळ बसायची परवानगी माग, बहुतेक ठिकाणी आनंदाने बसू देतात. बीसीजी डाव्या दंडात, पेंटाव्हॅलंट मांडीत, एफआयपीव्ही (पोलिओची लस) उजव्या दंडात त्वचेत, सहा दहा चौदा आठवड्यांना काय आणि नऊ महिन्यांना काय, हे एका दिवसात डोक्यात बसतं, पुस्तकातला तो तक्ता महिनाभर घोकून बसत नाही. आयएलआरमध्ये (लसींच्या फ्रीजमध्ये) २ ते ८ डिग्री का ठेवतात, व्हीव्हीएमचा (लसीच्या बाटलीवरची उष्णतेची खूण) चौकोन कसा वाचायचा, सगळं समोर असतं. उपकेंद्र सपाट भागात ५००० लोकसंख्येला आणि डोंगरी-आदिवासी भागात ३००० ला, पीएचसी ३०,००० आणि २०,०००, आशा साधारण १००० ला एक, हे आकडे मग आपल्या तालुक्याच्या नकाशावर दिसायला लागतात.

टीबी नीट कर. जुन्या नोट्समध्ये टीबी कार्यक्रमाचं नाव अजून आरएनटीसीपी लिहिलेलं असतं, २०२० पासून तो एनटीईपी आहे. निक्षय पोषणचे, म्हणजे टीबी पेशंटच्या आहारासाठीचे, महिन्याला ५०० रुपये होते ते नोव्हेंबर २०२४ पासून १००० झालेत. एमटीपीचा (गर्भपात कायद्याचा) २०२१ चा बदल, २० आठवड्यांपर्यंत एक डॉक्टर, २० ते २४ ला ठरावीक गटांसाठी दोन डॉक्टर, त्यापुढे मेडिकल बोर्ड, हे ओबीजीमध्येही येतं आणि फॉरेन्सिकमध्येही. फॉरेन्सिकच्या नोट्स तर १ जुलै २०२४ च्या आधीच्या असतील तर कलमं बदलूनच वाच, जुन्या आयपीसीचं ३०२ (खून) आता बीएनएस १०३, ३०४अ (निष्काळजीपणाने मृत्यू) आता १०६, इन्क्वेस्टचं (संशयास्पद मृत्यूच्या चौकशीचं) सीआरपीसी १७४ आता बीएनएसएस १९४. ग्रीव्हस हर्टमधले (गंभीर दुखापतीतले) २० दिवस आता १५ झालेत, असल्या ठिकाणी प्रश्न काढायला सोपं जातं.

आणि मेडिसिनमध्ये सुद्धा इथल्या आजारांकडे वेगळं लक्ष दे. नाग मण्यार घोणस फुरसं, कुठल्या दंशात रक्त गोठत नाही आणि कुठल्यात पापण्या मिटायला लागतात, ऑर्गनोफॉस्फरसच्या (कीटकनाशकाच्या) विषबाधेत ॲट्रोपिन कुठवर द्यायचं, सेल्फॉस (धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या). विंचूदंशात प्राझोसिन हे औषध कसं आलं ते तर आपल्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणात काम करून जगाला दाखवलं, ते कुठल्या परदेशी युनिव्हर्सिटीच्या स्लाइडवर सहसा नसतं. तिबिलिसीत तुला फुरसं चावलेला पेशंट दिसणार नाही गं, पण उद्या रेणापूर नाहीतर जळकोटला पोस्टिंग झालं तर पहिल्याच पावसाळ्यात दिसेल.

परभणीचे_बाबा

मी डॉक्टर नाही, शिक्षक आहे, मुलगी बाहेरून शिकून आली आणि पास झाली, त्या सगळ्या काळात कागदपत्रांचं माझ्याकडे होतं म्हणून तेवढंच सांगतो. बाळा, अभ्यासाइतकंच हे बघ.

आपल्या दहावीच्या बोर्डाच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं नाव एकत्र गिव्हन नेममध्ये, आडनाव वेगळं. आणि तिकडची युनिव्हर्सिटी डिप्लोमावर त्यांच्या लिपीतून परत इंग्रजीत उतरवते तेव्हा एखादं अक्षर इकडचं तिकडे होतं किंवा वडिलांचं नाव गळूनच जातं. आमच्या ओळखीत एका मुलाचा यावरून फॉर्म अडकला होता, परीक्षेचा अभ्यास सोडून तो महिनाभर ॲफिडेविट आणि मेलामेलीत. तू अजून तिथेच आहेस तर डिप्लोमा छापायच्या आधी स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे आहे का ते ऑफिसात बसून बघून घे. अपोस्टिलही (कागद परदेशात ग्राह्य धरण्यासाठीचा शिक्का) तिथेच करून घे, जॉर्जिया अपोस्टिल देणाऱ्या देशांत आहे, इथे आल्यावर ते काम कुरिअरने करणं फार जिकिरीचं.

दुसरं म्हणजे १८ नोव्हेंबर २०२१ चे एनएमसीचे नियम. कोर्स कमीत कमी ५४ महिन्यांचा, शिवाय त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप, शिक्षण इंग्रजीतून, आणि त्या देशात तिथल्या नागरिकाला मिळतं त्याच तोडीचं लायसन्स मिळण्याची पात्रता. सहाव्या वर्षातलं कुठलं क्लिनिकल इंटर्नशिप म्हणून धरलंय, किती तारखेपासून किती तारखेपर्यंत, हे युनिव्हर्सिटीच्या शिक्क्यानिशी लेखी घे. एजंट तोंडी 'सगळं होतं' म्हणतो, त्याच्या तोंडी शब्दाला मेडिकल कौन्सिलमध्ये किंमत नाही.

खर्चाचं घरी मोकळेपणाने बोल. बापाला आकडा आधी कळला तर तो सोय करतो, ऐनवेळी कळला तर त्याची झोप जाते.

गौतमनगर_सोडलेला

दिल्लीबद्दल माझं मत वेगळं आहे आणि स्पष्ट सांगतो. मी गौतमनगरला राहून तयारी केली, एम्सच्या मागे, गल्लीगल्लीत लायब्ररी आणि पेइंग गेस्टच्या खोल्या. तिथे वातावरण असतं हे खरं, आजूबाजूला सगळेच तेच करतायत त्यामुळे बसलं जातं. पण खिडकी नसलेली खोली, मे महिन्याचा उकाडा, क्लासला इतकी गर्दी की सर समोरच्या स्क्रीनवरच दिसतात, मग तो व्हिडिओ घरी बघण्यात आणि यात फरक काय राहिला? ज्याला घरी अजिबात बसवत नाही, पाहुणे-लग्नं-शेताची कामं यात दिवस जातो, त्याने जावं, आणि तेही शेवटचे तीन-चार महिने टेस्ट आणि रिव्हिजनसाठी. तुझ्यासारखं जिने पाचव्या वर्षापासून सुरू केलंय तिला पुणे नाहीतर लातूरची एखादी अभ्यासिका आणि एक ॲप पुरेल. लातूरला तर पहाटे पाचपासून अभ्यासिका भरलेल्या असतात, तुला माहितीच असेल.

ग्रँड टेस्ट (पूर्ण पेपरची सराव परीक्षा) मात्र खऱ्या वेळेतच दे, सकाळी नऊ ते साडेअकरा आणि दुपारी दोन ते साडेचार, मध्ये जेवून. दुपारचा पेपर सगळा क्लिनिकल आणि लांबलचक केसचा असतो, जेवणानंतर डोळे जड होतात आणि नेमके मेडिसिनचे सोपे प्रश्न तिथे हातचे जातात. टेस्ट दिल्यावर मार्क बघून वही बंद करणारे खूप आहेत, त्यापेक्षा दुसऱ्या दिवशी चुकलेले सगळे प्रश्न परत उघड आणि प्रत्येकापुढे लिही, माहीतच नव्हतं की माहीत असून चुकलं. दुसऱ्या प्रकारचे जास्त निघाले तर नवीन वाचायची गरज नाही, रिव्हिजन कमी पडतेय.

तिबिलिसीतली_उदगीरकर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी लिहील वाटलं नव्हतं. काका, डिप्लोमाच्या स्पेलिंगचं उद्याच डीन ऑफिसला विचारते, आमच्या ग्रुपमध्येही टाकलं तर तिघांची नावं आत्ताच ट्रान्सक्रिप्टवर वेगळी निघाली. पुढच्या महिन्यात माझी पेड्सची रोटेशन आहे तर पेड्स आणि लसीकरण सोबत घेते.

एकच अजून, पास झाल्यावर महाराष्ट्रात इंटर्नशिपला जागा मिळते का, की महिनोन्महिने थांबावं लागतं?

बिश्केक_ते_वॉर्ड

थांबावं लागू शकतं, आधीच मनाची तयारी ठेव. एनएमसीने बाहेरून आलेल्यांसाठी कॉलेजच्या मंजूर जागांच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच इंटर्नशिपची मर्यादा ठेवलीय, त्यामुळे निकाल लागला की सगळे एकदम येतात. रिझल्ट आल्याबरोबर पास सर्टिफिकेट घे आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या प्रोव्हिजनल रजिस्ट्रेशनला लाग, मूळ कागद आणि त्यांचे स्कॅन एकाच फोल्डरमध्ये तयार ठेव. इंटर्नशिपसाठी कोणी 'सीटचे पैसे' मागितले तर द्यायचे नाहीत, एनएमसीने २०२२ मध्येच सांगितलंय की फी घ्यायची नाही आणि स्टायपेंड इथल्या इंटर्नएवढाच द्यायचा.

आणि ते हिस्टरीचं टेन्शन सोडून दे. पहिल्या दिवशी ओपीडीत आजीबाई म्हणाल्या 'डाक्टर, पोटात गुबारा धरलाय आन् तोंडाला पानी सुटतंय', तेव्हा माझ्या शेजारचा दुसऱ्या राज्यातला इंटर्न माझ्याकडे बघत होता. तुला मराठवाडी बोली येते, अर्धं काम तिथेच होतं. फक्त कॅथेटर, रायल्स ट्यूब (नाकातून पोटात घालायची नळी), आयव्ही, एबीजी (धमनीतलं रक्त घेणं) हे हाताने करायची संधी तिथे मिळेल तेव्हा मागून घे, मॅनिकिनवर का होईना, कारण इथे कॅज्युअल्टीत पहिल्या आठवड्यापासून हातात सुई देतात. पेड्स झालं की इथेच विचार, ईएनटी आणि ऑप्थॅलच्या माझ्या छोट्या नोट्स आहेत, स्कॅन करून टाकतो.