प्रतिसाद: रामकुंड आणि रहाडीच्या सीनचं संगीत

नाशिकच्या चित्रणाला कोणतं संगीत घ्यावं या प्रश्नावर वर कुणीतरी रामकुंडाच्या (गोदावरीच्या घाटाच्या) पहाटेच्या सीनला मारवा राग सुचवलाय. तो तर सूर्यास्ताचा राग! पहाटेला ललित किंवा भैरव घ्या, तोही फक्त आलाप. तबला शिरला की मैफल वाटायला लागते, घाट उरत नाही.

रंगपंचमीच्या रहाडीला (रंगाच्या पाण्याने भरलेल्या दगडी हौदाला) नाशिक ढोल हवाच, पण सलग तीन मिनिटं नको, कान बधिर होतात. सेकंदाला २४ फ्रेम्सच्या चित्रणाला १२० बीपीएमचा (मिनिटाला १२० ठोक्यांचा) तुकडा निवडा. ठोका बरोबर १२ फ्रेम्सचा पडतो, कट नेमके बसतात. धप्पा (रहाडीतली उडी) पडला की ढोल तोडा, दोन सेकंद नुसतं पाणी, मग ताशा.

संवादाखाली बोल असलेलं गाणं नको, शब्द शब्दांना खातात. वाद्यसंगीतातही २ ते ४ किलोहर्ट्झ फ्रिक्वेन्सीचा पट्टा जरा उतरवा, व्यंजनांची स्पष्टता तिथेच असते.